खिळ्यांचे पायताण

फुटबॉलच्या बुटाचे तीन भाग असतात : वरचे कातडे, मधला तळ आणि तळाला खालून फुटलेले स्टड. दुकानात गिऱ्हाईक वरचा भाग पाहते, पैसे वरच्या भागाचे मोजते आणि घरी आल्यावर कौतुकही त्याच भागाचे होते. मैदानाशी गाठ मात्र स्टडची पडते, आणि मैदानाला बुटाचा रंग दिसत नाही. मैदानी फुटबॉलचा बूट निवडण्याचे सगळे शास्त्र एवढेच आहे. तरीही पुढचा तपशील द्यावा लागतो, कारण एवढे सांगून आजवर कोणाचा बूट बरोबर आलेला नाही.

अशा बुटाची सर्वांत जुनी लेखी नोंद इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या कपडेपटाच्या हिशेबात आहे. १५२६ साली राजासाठी मखमलीचे ४५ जोड आणि फुटबॉलसाठी चामड्याचा एक जोड शिवला गेला. फुटबॉलच्या जोडाला ४ शिलिंग पडले. या राजासमोर गोलात उभे राहिलेल्या माणसाने जिवाचा आटापिटा करून चेंडू अडवला असेल असे वाटत नाही. त्या दरबारात डोके उडायला त्याहून लहान कारण पुरत असे. पुढे इंग्लंडमधले कामगार कामावरचेच जाड बूट घालून खेळू लागले आणि चिखलात घसरू नये म्हणून तळाला चामड्याचे तुकडे खिळ्यांनी ठोकू लागले. स्टडचा जन्म असा हातोडीच्या घावातून झाला. विसाव्या शतकात जर्मनीतल्या हेर्झोगेनाउराख या गावी रुडोल्फ आणि आडोल्फ या डास्लर बंधूंनी बुटांचा एकत्र कारखाना चालवला, मग त्यांचे बिनसले आणि नदीच्या दोन काठांवर दोन चुली झाल्या. थोरल्याची पुमा, धाकट्याची आदिदास. गावातली माणसे म्हणे समोरच्याशी बोलण्याआधी मान खाली घालून त्याच्या पायात कोणाचा बूट आहे ते पाहत. भाऊबंदकीत बांध कोरणे एवढीच कल्पना असलेल्या आपल्याकडच्या वाचकाला या प्रकरणातून भाऊबंदकीचा औद्योगिक उपयोग लक्षात येईल.

भारतात बूट उशिरा आला आणि आल्यावरही पुष्कळ दिवस पायात शिरला नाही. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड जिंकली तेव्हा अकरापैकी एकाच खेळाडूच्या पायात बूट होते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून २-१ असा हरला, तेव्हाही बरेच खेळाडू अनवाणी होते, आणि त्या सामन्यात भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या, हे सांगताना पायांना दोष द्यावा की बुटांच्या अभावाला, यावर एकमत नाही. १९५०च्या विश्वचषकाला भारत गेला नाही तो अनवाणी खेळू न दिल्यामुळे, ही कथा पानटपरीवर आजही खात्रीने सांगितली जाते. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी ती नाकारली, पण कथेला त्याचे काही वाटले नाही. बुटाची खरी महती पटली ती १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकच्या थंडीत. युगोस्लाव्हियाने १०-१ असा पराभव केला आणि त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. आज खेळाच्या चौथ्या नियमानुसार पादत्राण घातल्याशिवाय मैदानात उतरताच येत नाही. ते चावू नये असे मात्र कोणत्याही नियमात नाही.

पायात काय घालावे याविषयी कोल्हापूरला ठाम मत असणे स्वाभाविक आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याच्या चपलेसाठी हे गाव ओळखले जाते. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिला तिथे पायताण म्हणतात. त्याच गावात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत दुधाच्या रतिबापासून लग्नाच्या मुहूर्तापर्यंत सगळे त्यानुसार मागेपुढे होते. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्यातला. अशा गावात बूट घ्यायला निघालेल्या पोराबरोबर चार जण जातात : एक पैसे देणारा, एक खेळलेला, एक खेळलो असतो असे सांगणारा, आणि एक गाडीवर जागा होती म्हणून आलेला. शेवटच्याचा सल्ला बहुधा मानला जातो.

बुटाच्या खोक्यावर किंवा तळावर इंग्रजी अक्षरांची एक जोडी छापलेली असते. रंग, खेळाडूची सही, सोनेरी पट्टी हे सगळे सोडून आधी ती वाचावी. एफजी म्हणजे घट्ट जमिनीवरच्या नैसर्गिक गवतासाठी. याचे स्टड साच्यातच ओतलेले, डझनभराच्या आसपास, काही गोल तर काही पात्यासारखे लांबट. एसजी म्हणजे भिजलेल्या मऊ जमिनीसाठी; याला सहा ते आठ लांब स्टड असतात, बहुधा धातूचे आणि पिळून काढता-घालता येणारे. एजी म्हणजे कृत्रिम गवतासाठी. स्टड आखूड आणि संख्येने जास्त. टीएफ म्हणजे टर्फ. याच्या तळाला रबराचे बारीक बारीक उंचवटे असतात, फणसाच्या सालीसारखे.

पिळून बसवायच्या स्टडचे भाग्य उजळले ४ जुलै १९५४ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या बर्नला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीसमोर हंगेरी होती. याच हंगेरीने त्याच स्पर्धेत आधी जर्मनीला ८-३ असे धुतले होते. त्या दिवशी पाऊस आला. जर्मन संघाबरोबर आडोल्फ डास्लर स्वतः होता. त्याने मैदान पाहून बुटांना लांब स्टड बसवून दिले. ०-२ असे मागे पडलेले जर्मन ३-२ असे जिंकले. कर्णधार फ्रिट्झ वॉल्टर पावसात चांगला खेळे, म्हणून जर्मनीत भुरभुर पावसाला अजून त्याच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे पावसाच्या खात्यावर अनेक गोष्टी जमा आहेत, विश्वचषक अजून नाही.

या कथेतून घ्यायचा तो धडा असा की मैदान पाहून स्टड बदलले गेले. आपल्याकडे लोक त्यातून लांब स्टड चांगले एवढेच घेतात. मार्च महिन्यातल्या नगरपालिकेच्या मैदानावर धातूचे लांब स्टड घालून धावणाऱ्या माणसाकडे पाहावे. स्टड जमिनीत शिरत नाही, म्हणून तो उलट दिशेने तळपायात शिरू पाहतो. माणूस धावत नसून निखाऱ्यांवरून चालत असल्यासारखा दिसतो, आणि वळताना त्याचा आवाज टांग्यासारखा येतो. कृत्रिम गवतावर उलटी तऱ्हा. तिथे लांब पात्यासारखा स्टड तंतूंत अडकून बसतो. पाय जागच्या जागी राहतो, वरचे अंग वळते आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. पकड कमी पडली तर माणूस घसरून बसतो, जास्त झाली तर दवाखान्यात जातो. दोन्हींत घसरणे स्वस्त.

अडचण अशी की कंपन्यांच्या तक्त्यात आपले मैदान नसते. महाराष्ट्रातल्या गावच्या मैदानावर एका गोलासमोर गवत, दुसऱ्यासमोर मुरूम आणि मध्ये रोलर फिरवून सिमेंटसारखी केलेली क्रिकेटची खेळपट्टी असते. तिच्यावर स्टड पडले की आरडाओरडा होतो, तो क्रिकेटवाल्यांचा. कोपऱ्यात मांडवाच्या बांबूंचे खड्डे, कारण गणपती, नवरात्र आणि प्रदर्शने यांनाही मैदान हेच. गोव्यात भात कापून झालेल्या शेतात पोरे खेळतात. तिथे जमिनीतून भाताचे खुंट वर आलेले असतात, म्हणजे स्टड दोन्ही बाजूंनी. अशा सर्वधर्मसमभावी जमिनीसाठी टीएफ बूट सर्वांत शहाणा. तो कुठेच उत्तम चालत नाही आणि कुठेच दगा देत नाही. पण त्याला मान नाही, कारण त्याचा आवाज होत नाही. पॅव्हेलियनच्या पायऱ्या उतरताना टक टक झाली नाही तर खेळाडू आल्याचे कळणार कसे? मुंबई-पुण्यात तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जाळीबंद मैदानालाच आता टर्फ म्हणतात. तिथे दारावर स्टडला बंदी असल्याची पाटी असते, आणि ती वाचायला लोक बूट घालूनच येतात.

मापाचे गणित जवाच्या दाण्यावर उभे आहे. जुन्या इंग्रजी मोजणीत तीन जव म्हणजे एक इंच, आणि आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश नंबरांत एका नंबराचा फरक म्हणजे एक जव, सुमारे साडेआठ मिलिमीटर. सात नंबर आणि आठ नंबर यांत एवढेच अंतर, पण तेवढ्यात नख काळे पडते. शिवाय एका कंपनीचा आठ हा दुसरीचा आठ असेलच असे नाही. म्हणून बुटाच्या जिभेमागच्या लेबलावर सेंटिमीटरमध्ये दिलेला आकडा पाहावा. ती जीभ त्यातल्या त्यात खरे बोलते. पाय संध्याकाळी मोजावा, कारण दिवसभरात तो थोडा सुजतो. मोजताना उभे राहावे, खेळताना घालायचे स्टॉकिंग घालावे आणि दोन्ही पाय मोजावेत. दोन्ही सारखे नसतात, मोठ्याचे ऐकावे. पुढे अंगठ्यासमोर अर्धा ते एक सेंटिमीटर जागा पुरे. लांबी जमली तरी रुंदी उरतेच. लहानपणापासून चपलेत मोकळा वाढलेला पाय पुढे पसरट असतो आणि वेगासाठी बनवलेले बूट माशासारखे निमुळते. अशा वेळी मोठा नंबर घेणे हा उपाय नव्हे. त्याने टाचेत जागा होते आणि करंगळीची तक्रार राहतेच. रुंद साच्याचा बूट शोधावा.

दुकानदाराकडे दोन वाक्ये असतात. बूट घट्ट असला तर ‘वापरून सैल होतोय’, सैल असला तर ‘मोजा जाड घाला’. पहिले वाक्य कातड्याच्या बाबतीत खरे आहे, कृत्रिम धाग्याच्या बाबतीत जवळजवळ खोटे. दुसऱ्या वाक्याने फक्त मोज्यांचा खप वाढतो. मुलांच्या बाबतीत तिसरे वाक्य दुकानदाराला बोलावेच लागत नाही, ते पालकच आणतात. शाळेचा गणवेश, मुंजीचा सदरा आणि सायकल ज्या न्यायाने घेतली त्याच न्यायाने बूटही वाढत्या अंगाचा घेतला जातो, पुढे कापूस कोंबला जातो आणि मुलाने मारलेल्या फटक्यापाठोपाठ कधी कधी बूटही गोलाच्या दिशेने जातो. पाय बुटाएवढा होईपर्यंत स्टड झिजलेले असतात. मग बूट धाकट्याला मिळतो, तोही वाढत्या अंगाचा म्हणूनच.

वरच्या भागाबद्दल थोडे. वासराचे कातडे पायाचा आकार घेते, पण पाणी पिऊन जड होते. कांगारूचे कातडे पातळ असूनही चिवट, म्हणून १९७९ साली आलेल्या आदिदासच्या कोपा मुंडिअलसारख्या बुटांनी त्याच्यावर दशके काढली. २०२३ मध्ये नायकी आणि पुमा यांनी कांगारूला हात जोडले. आता सर्वत्र कृत्रिम कातडे आणि विणलेले बूट. ते हलके असतात, पुसून स्वच्छ होतात आणि बसतात ते पहिल्या दिवशीच बसतात, नाहीतर कधीच नाही. १९९४ साली प्रिडेटर नावाच्या बुटावर चेंडूला फिरकी देण्यासाठी रबराचे खवले बसवले गेले. कल्पना क्रेग जॉन्स्टन या जुन्या खेळाडूची. अशा खवल्यांनी फिरकी वाढते, मात्र ती आधी असावी लागते.

किंमत पाचशे-सातशेपासून वीस हजारांच्या वर जाते. जालंधरमध्ये तयार होणारे देशी बूट शिकाऊ आणि मधल्या पातळीवरच्या खेळाडूला भरपूर होतात. या दोन टोकांच्या मध्ये ‘फर्स्ट कॉपी’ नावाची जात आहे. दिसायला ती मूळ बुटाची सख्खी बहीण, फक्त नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे. पहिल्या पावसात तळ वेगळा आणि बूट वेगळा होतो. रंगाविषयी एवढेच सांगता येईल की इंग्लंडच्या ॲलन बॉलने १९७० साली सगळे काळे बूट घालत असताना पांढरे घातले. जाहिरातीचे पैसे देणाऱ्या कंपनीचे बूट त्याच्या पायाला आवडेनात, म्हणून त्याने आपले जुने, दुसऱ्याच कंपनीचे बूट पांढरे रंगवून घेतले होते, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्यालाही शेवटी सवयीचा बूटच लागतो, हे वीस हजार मोजण्याआधी आठवावे.

मराठीत बूट चावतो. लागत नाही, टोचत नाही; चावतो. भाषेने बुटाला जबडा दिला आहे तो अनुभवाने. म्हणून नवा बूट थेट सामन्यात घालू नये. आधी दोन-चार दिवस घरात मोजे घालून अर्धा तास वागवावा. शहाबादी फरशीवर हा प्रयोग करताना भिंत हाताशी ठेवावी, कारण स्टड आणि पॉलिश केलेली फरशी यांचे सख्य नाही. मग दोन-तीन हलके सराव, आणि मग सामना. टाचेला आधीच चिकटपट्टी लावणे हा शहाणपणा आहे. फोड आल्यावर ती लावणे म्हणजे पश्चात्ताप. कोल्हापुरी चपलेला तेल पाजतात तसे बुटाला पाजू नये. चपलेचे जाड कातडे ते पचवते, बुटाचे पातळ कातडे लुळे पडते. नाडी तळाखालून दोन वेढे घेऊन बांधण्याची प्रथा मैदानावर सर्वत्र आहे. त्याने पकड वाढत नाही. नाडी स्टडजवळ घासून तुटते, तीही पेनल्टीच्या वेळी. नाडी बांधण्याचा एकच फायदेशीर प्रसंग सांगितला जातो : १९७०च्या विश्वचषकात पेलेने सामना सुरू होण्याआधी पंचांना थांबवून खाली वाकून नाडी बांधली, कॅमेरे त्याच्या पुमावर स्थिरावले आणि पुमाचे पैसे वसूल झाले.

निगेचा पहिला नियम बूट पायात असतानाच लागू होतो : डांबरी रस्त्यावर, सिमेंटवर आणि मोटारसायकलवर स्टड नेऊ नयेत. मैदानापर्यंत चप्पल, मैदानात बूट. कोल्हापुरात तरी चपलेची अडचण नसावी. स्टड घालून गिअर टाकणारा खेळाडू दिसतो झोकदार, पण एका हंगामात त्याच्या डाव्या बुटाचे स्टड उजव्यापेक्षा बुटके होतात आणि तो मैदानात किंचित कलता धावू लागतो, तेव्हा प्रशिक्षक त्याला शैली समजतो.

सामना संपल्यावर दोन्ही बूट तळाला तळ लावून आपटावेत. अर्धा चिखल मैदानाचा मैदानात राहतो. उरलेला वाळल्यावर जुन्या टूथब्रशने काढावा. घराघरांतला टूथब्रश दातांतून निवृत्त झाल्यावर केसांच्या कलपाला लागतो, पुढे कंगव्याला, आणि फुटबॉलपटूच्या घरी त्याला ही चौथी नोकरी मिळते. वरचा भाग ओल्या फडक्याने पुसावा. बादलीत भिजत घालू नये, आणि वॉशिंग मशिनमध्ये तर मुळीच टाकू नये. गरम पाणी आणि घुसळण यांनी तळाचा गोंद सुटतो. कृत्रिम गवतावर खेळलेल्या बुटातून रबराचे काळे दाणे निघतात. ते बाथरूमच्या जाळीत, पलंगाखाली आणि पुढचे तीन दिवस पोह्यांत मोहरी समजून सापडतात. म्हणून बूट दाराबाहेर झटकावेत. घरातल्या शांततेसाठी याइतका सोपा उपाय खेळाच्या कोणत्याही नियमात नाही.

बूट ओले झाले तर नाड्या सैल कराव्यात, सुकतळा बाहेर काढावा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. कागद ओल शोषतो आणि बुटाचा आकार धरून ठेवतो. दोन-तीन तासांनी बोळे बदलावेत. हरलेल्या सामन्याची बातमी असलेले पान यासाठी विशेष उपयोगी. ते घरात अन्य कोणाला वाचायचे नसते. मग बूट सावलीत, पंख्याखाली. उन्हात नाही, गॅसजवळ नाही, फ्रिजच्या मागे नाही, आणि जिथे अजून पाण्याचा बंब पेटतो तिथे बंबावर तर नाहीच. उष्णतेने कातडे कडक होते, गोंद उकलतो आणि बंबाजवळ वाळवलेला बूट सकाळी पापडासारखा हाती येतो. पावसाळ्यात न वापरता ठेवायचे असतील तर पूर्ण वाळवून, कागद भरून, हवा लागेल अशा कापडी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या बुटाला गौरी-गणपतीपर्यंत हिरवे गवत येते, आणि तेही नैसर्गिक. वासावर रात्रभर खायचा सोडा आणि सुकतळ्याला थोडा वारा पुरे. अत्तर मारू नये. घामावर अत्तर बसले की दोन वास होतात.

गोंद सुटून तळ वेगळा होण्यावरचा इलाज चौकातल्या मोच्याकडे असतो. नवा बूट घरी येण्याआधी त्याच्याकडे नेऊन तळाच्या कडेने मेणाच्या दोऱ्याची शिलाई मारून घ्यायची, हा आपल्या मैदानांवरचा जुना रिवाज आहे, आणि स्वस्त बुटाच्या बाबतीत तो पूर्ण बरोबर आहे. परदेशी शास्त्रज्ञांनी हलका केलेला तळ मोची आरीने टोचतो, दोरा ओढतो, वर सोल्यूशन चोपडतो आणि बूट एका हंगामाचा तीन हंगामांचा होतो. महागड्या विणलेल्या बुटाला मात्र टाके घालू नयेत. पाणी आत शिरायला तेवढ्याच वाटा होतात. सामन्याच्या आदल्या दिवशी मोच्याकडे जाऊ नये, कारण त्या दिवशी समोरच्या पेठेचे बूटही तिथेच असतात आणि चर्चा टाक्यांवर राहत नाही.

स्टड एका बाजूने झिजले, तळाला भेग गेली किंवा टाचेचा कप मोडला की बूट संपला. अपवाद एकच. एफजी बुटाचे स्टड चारही अंगांनी सारखे झिजून आखूड झाले असतील आणि तळ शाबूत असेल, तर तो बूट मुरमाच्या मैदानासाठी दुकानातल्या कोणत्याही नव्या एफजी बुटापेक्षा बरा असतो. बहुतेक घरांत तो नेमका तेव्हाच भंगारवाल्याला दिला जातो.